चिटाचा पलंगपोस: जानेवारी ते एप्रिल

७ जानेवारी २०२४, रविवार

नोंदी ठेवायच्या असं यावेळी ठरवलंय, कारण मागच्या दोन वेळा कापड रंगवताना काय केलं होतं ते आठवत नव्हतं आणि तीच माती परत खाल्ली. आईला एप्रिलमध्ये ७५ पूर्ण. साडी नको, सोनं नको, बाहेर जेवायला तर अजिबातच नको. एकदा बोलता बोलता म्हणाली, आमच्या लहानपणी चिटाचे (छापील सुती कापडाचे) परकर असायचे, लाल-काळे, फाटेपर्यंत रंग जायचा नाही. तेवढं धरून बसलेय. परकर ती आता घालणार नाही, म्हणून पलंगपोस. काळी कोयरी, लाल ठिपका, हिरड्याची पिवळट जमीन (नक्षीमागचा रंग). विकतचा केमिकल रंग नाही, जुन्या पद्धतीने.

लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीतून १० मीटर कोरं सुती कापड आणलं, ४४ इंच पन्हा, वजन १ किलो ३१० ग्रॅम. ५ मीटरचा पलंगपोस (अडीच-अडीचचे दोन पाट जोडून), उरलेलं नमुन्यांना आणि घोळ झाला तर. घोळ होणारच. तिथून जुन्या बाजारात गेले, तीन इंची कोयरीचा सागवानी ठसा मिळाला, कडा थोडी झिजलीय पण नक्षी शाबूत. मागून आरपार बारीक भोकं आहेत, ती कीड नव्हे, मुद्दाम पाडलेली असतात, ठसा दाबला की आतली हवा आणि जास्तीचा रंग तिथून निघतो. विकणाऱ्याला ते माहीत नव्हतं, त्याने "थोडा किडलेला आहे ताई" म्हणून पन्नास रुपये कमी केले, मी गप्प बसले.

घरी आल्यावर कापडाच्या कोपऱ्यावर बीटाडीनचा थेंब टाकला. काळानिळा झाला. म्हणजे खळ भरपूर आहे, मागावर ताणा तुटू नये म्हणून लावतात ती, आणि ती निघाल्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

१३ जानेवारी, शनिवार

काळ्या रंगासाठी लोखंडाचं पाणी घातलं. याला वेळ लागतो म्हणून कापडाच्या आधी हे. भंगारवाल्याकडून १ किलो खिळे, पत्र्याचे तुकडे आणि एक घोड्याचा नाल (हा शुभ म्हणून फुकट दिला), गच्चीवर जाळात लाल करून गंज झाडला. प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाणी, पाव किलो गूळ, त्यात हे सगळं, वर फडकं. परवा संक्रांत असल्यामुळे घरात चिक्कीचा गूळ आणि साधा गूळ दोन्ही होते, साधा घेतला. गूळ आंबतो, आंबट होतो, ते आंबट पाणी हळूहळू लोखंड खातं. १५ दिवस तरी लागतील, थंडीत जास्तच.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "संक्रांतीला काळं नेसतात गं, काळं शिजवत नाहीत."

२१ जानेवारी, रविवार

आज वाट लागली.

अर्धं कापड (५ मीटर) रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं होतं खळ सुटायला. सकाळी पातेल्यात १३ लिटर पाणी, २० ग्रॅम धुण्याचा सोडा, साबणाचा कीस, आणि दीड तास उकळलं. यात सुताचं मेण आणि तेलकटपणा निघतो, पाणी चहासारखं होतं. चहासारखं झालंही, त्यामुळे मी खूश. पण वर फेसाऐवजी दह्यासारखी साय तरंगत होती, म्हटलं मळ असेल. कापड वाळल्यावर हाताला चिकट, आणि पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा वर बसून राहिला, मध्येच एखाद्या जागी पटकन शोषला जात होता. म्हणजे चट्टे पडणार, शंभर टक्के.

ती साय मळ नव्हता, साबणच होता. आमच्याकडे धायरीत सोसायटीला बोअरचं पाणी, आणि हे पाणी जड आहे हे मला दहा वर्षं माहीत आहे, कुकरला डाळीच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, साबणाला ते भेटलं की न विरघळणारा चोथा होतो आणि तो नेमका कापडावर बसतो. स्वयंपाकघरात जे कळतं ते रंगाच्या पातेल्यापाशी का सुचू नये, देव जाणे.

२७ जानेवारी, शनिवार

मत्स्यालयाच्या दुकानातून पाण्याचा जडपणा मोजायचं किट आणलं. माशांसाठी असतं, थेंब टाकत जायचं आणि रंग बदलेपर्यंत मोजायचे. आमचं बोअर: २३ थेंब. आईकडचं सदाशिव पेठेतलं नळाचं पाणी, म्हणजे खडकवासल्याचं: ३ थेंब. मला वाटलं किट बिघडलंय, परत केलं, परत ३.

आईकडून वीस लिटरचे चार कॅन भरून ॲक्टिव्हावर दोन फेऱ्यांत आणले. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पायाशी एक आणि मागे एक कॅन घेऊन उभं राहिलं की लोक फार प्रेमाने बघतात. दुसऱ्या फेरीला आई म्हणाली, नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, तू पुण्यातून धायरीला ने.

२८ जानेवारी, रविवार

सगळं १० मीटर परत उकळलं, दोन खेपांत, पेठेच्या पाण्यात. यावेळी साबण कमी, सोडा किलोला ३० ग्रॅमच्या हिशेबाने, दोन तास. फेस फेसासारखा आला. धुवून वाळवलं, वजन १ किलो १९५ ग्रॅम, म्हणजे ११५ ग्रॅम खळ-मेण-मळ असं काहीबाही निघून गेलं जे मी कापडाच्या भावाने विकत घेतलं होतं. बीटाडीनचा थेंब आता नुसता तपकिरी. पाण्याचा थेंब टाकला की गायब, मोजायला वेळच नाही.

लोखंडाच्या बादलीवर राखाडी फेस आलाय. वास आंबट, थोडा जुन्या पैशांसारखा.

४ फेब्रुवारी, रविवार

काल रविवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. यादी दिली: हिरडा अर्धा किलो, मंजिष्ठा अर्धा किलो, धायटीची फुलं १०० ग्रॅम, बाभळीचा डिंक, चिंचोक्याची पूड. काउंटरवरच्या काकांनी यादी वाचली, चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "ताई, औषधाला की रंगाला?" मी रंगाला म्हटल्यावर बाळहिरड्याचा डबा ठेवून मोठा, सुरवारी हिरडा काढला, म्हणाले याची साल जाड, रंगाला हाच. बाळहिरडा जुन्नर-आंबेगावकडून येतो, तो पोटाचा.

येताना विचार करत होते की वैद्य आणि रंगारी एकाच दुकानात उभे राहायचे. मंजिष्ठा रक्तशुद्धीला तीच, लाल रंगाला तीच. धायटी आसवं-अरिष्टं आंबवायला घालतात तीच. सार्वजनिक गणपतीवाल्या भाऊ रंगारींबद्दल तर सांगतातच की ते राजवैद्य होते आणि घराण्याचा धंदा शालू रंगवायचा, म्हणून रंगारी. मला हे आधी दोन वेगळे उद्योग वाटायचे, आता वाटतं एकाच खरेदीत दोन्ही होत असतील.

आज हिरडा. बिया काढून साल कुटली, २४० ग्रॅम (कापडाच्या वजनाच्या २० टक्के), रात्रभर भिजवून गाळली, त्यात कापड अर्धा तास खालीवर करत ठेवलं, पिळून उन्हात. दोनदा. धुवायचं नाही. सुताला तुरटी आणि लोखंड नीट धरवत नाही, हिरड्यातला तुरट अंश मध्ये हात धरायला लागतो. कापड मस्त लोण्याच्या रंगाचं झालं, उन्हाकडची बाजू जरा जास्त पिवळी.

५ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला जायच्या घाईत एक पाट अजून दमट होता तो गच्चीवरच्या तारेवर टाकून गेले. संध्याकाळी बघते तर बरोब्बर मधोमध आडवी काळी रेघ, पट्टीने मारल्यासारखी. तार गंजलेली. हिरड्याला लोखंड लागलं की काळं होतं, याच तत्त्वावर माझी अख्खी छपाई उभी आहे, आणि तरी मी तो तारेवर टाकला.

लिंबू लावून बघितलं कोपऱ्यात, रेघ फिकी होते पण आजूबाजूचा पिवळा पण जातो, पांढरा डाग पडतो. राहू दे. ती रेघ जिथे आहे तिथे कोयऱ्यांची एक ओळ जास्तीची टाकायची, झाकली जाईल. आधीच्या हिशेबात दोन ओळींत बोटभर अंतर होतं, तिथे एकच ओळ दाट येईल.

११ फेब्रुवारी, रविवार

लोखंडाचं पाणी तयार. बाहेरून अगदीच फिकं, पाणचट, हिरवट. हिरड्याच्या चिंधीवर थेंब टाकला आणि डोळ्यांदेखत आधी राखाडी, मग शाईसारखा, पाच मिनिटांत काळा. हे कितीदा बघितलं तरी मी दरवेळी कुणाला तरी बोलावते. आज शेजारच्या काकू होत्या, त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आवळा लोखंडी कढईत केल्यासारखं." अगदी तेच आहे.

सेक्रेटरी काका वासाबद्दल बोलून गेले. "मॅडम, गच्चीत काही मेलंय का?" बादली झाकून टाकीमागे हलवली.

खळ: चिंचोक्याची पूड लोखंडाच्या पाण्यात शिजवून, पातळ पिठल्याइतकी. घोंगडीला लावतात तीच चिंचोक्याची खळ. जास्त पातळ केली तर कोयरीचं शेपूट फुगतं, जास्त घट्ट केली तर ठशाच्या बारीक रेषांत अडकते. तिसऱ्या वेळी जमली. लाल ठिपक्यासाठी तुरटी: १ लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम, त्यात चिमूट-चिमूट सोडा (फसफसतं, थांबत थांबत घालायचं, एकूण १० ग्रॅमच्या आतच), मग डिंक. तुरटी छापली तर दिसतच नाही, म्हणून किंचित गेरू मिसळला, तो नंतर धुतला जातो.

१७ ते १९ फेब्रुवारी

शनिवार, रविवार आणि सोमवारची शिवजयंतीची सुट्टी, तिन्ही दिवस छपाई. डायनिंग टेबलवर गोणपाट, त्यावर जुनी सोलापुरी चादर चार पदरी, त्यावर मलमल. टेबल कडक असेल तर ठशाच्या कडा उमटतात आणि मध्य कोरा राहतो. रंगाच्या ट्रेमध्ये जुन्या स्वेटरचा तुकडा, त्यावर खळ, ठसा त्याच्यावर हलकेच दोनदा टेकवायचा, कापडावर ठेवायचा, अंगठ्याने कोपरा जुळवायचा आणि वरून मुठीचा एक ठोका. एकच. दोन ठोके दिले की सावली पडते. पहिल्या शंभरात मी प्रत्येक वेळी श्वास रोखत होते, नंतर हाताला लय सापडली, ट्रे-टेकव-ठेव-ठोका, आणि मधेच फोन वाजला की लय गेली आणि एक कोयरी तिरकी. अशा सात तिरक्या आहेत, जागा माहीत आहेत, सांगणार नाही.

एका पाटावर २६०च्या आसपास ठसे, असे दोन. वर लाल ठिपके, ते लाकडी रवीच्या दांड्याचं टोक घासून केले, ठसा नाही. मुठीला बाहेरच्या बाजूने निळा डाग पडलाय, तो हिरड्याचा की मार लागल्याचा, दोन्ही असेल.

गंजाच्या रेघेवर दाट ओळ टाकली. मी सांगितलं नाही तर कळणार नाही. बहुतेक.

२५ फेब्रुवारी, रविवार

छापलेलं पाच-सहा दिवस तसंच टांगलं होतं (नायलॉनच्या दोरीवर!!). आंबटपणा उडून जायला आणि लोखंड-तुरटी सुतात बसायला तेवढे दिवस द्यावे लागतात. काळ्यात फार जास्त लोखंड असेल तर कापड त्या जागी कुजतं, जुन्या कापडांत काळी नक्षी आधी विरून भोकं पडलेली दिसतात ती त्यामुळेच, म्हणून मी पाणी थोडं सौम्य केलं होतं.

आज धुणं. इथे खरी भीती: सुटलेलं लोखंड आणि तुरटी धुताना शेजारच्या पिवळ्या जमिनीवर बसली तर सगळं धुरकट. वाहत्या पाण्यात उलगडून धुवायचं असतं, छपाईची गावं नदीकाठी असायची ती उगाच नाही. आपली मुठा त्या लायकीची ठेवलेली नाही. म्हणून दुसरा जुना उपाय, शेण. गोठ्यातून घमेलंभर आणलं, कोमट पाण्यात कालवून गाळलं, त्यात कापड झपकन बुडवून हलवत ठेवलं, सुटलेलं सगळं शेण स्वतःकडे ओढून घेतं. विलायतेतल्या चिटाच्या गिरण्यासुद्धा एकेकाळी हेच करायच्या, नंतर फॉस्फेट वगैरे आलं. मुलगा नाक धरून म्हणाला, आजीला सांगू का? नको सांगू.

नंतर आईकडच्या नळाखाली खळाळून धुतलं. जमीन स्वच्छ राहिली. गेरू गेला, तुरटीचे ठिपके आता दिसतच नाहीत, नुसतीच काळी कोयरी.

३ मार्च, रविवार

आजचा दिवस सगळ्यात इंटरेस्टिंग, म्हणून जरा सविस्तर.

मंजिष्ठा उकळून ठिपके लाल करायचे. अर्थात पेठेचं पाणी, कारण आत्तापर्यंत बोअरने फक्त नुकसान केलंय. तरी नमुना करून बघू म्हणून छापलेल्या चार चिंध्या, तीन छोटी पातेली, प्रत्येकात सारखीच मंजिष्ठा रात्रभर भिजवलेली. एकात पेठेचं पाणी, एकात आमचं बोअर, एकात पेठेचं पाणी आणि दोन चमचे चुन्याची निवळी. हळूहळू तापवत ७० अंशांपर्यंत, तास-दीड तास, उकळी येऊ दिली नाही, उकळलं की तपकिरीकडे जातं.

पेठेचं पाणी: विटकरी, मरगळलेलं, म्हणायचं म्हणून लाल. निवळीवालं: लाल पण जांभळट गुलाबी झाक, सुंदर आहे पण चिटाचं नाही. बोअरचं पाणी: लाल. कुंकवासारखं नाही, जुन्या खणासारखं, आतून आलेलं लाल.

मी उभीच राहिले. मग डोक्यात प्रकाश पडला की ठिपक्यावर जो लाल बसतो तो एकट्या तुरटीचा नाही, तुरटीतलं ॲल्युमिनियम, मंजिष्ठेचा रंग आणि कॅल्शियम असे तिघं मिळून तो बांधतात. ज्या कॅल्शियमने साबणाचं दही केलं तेच इथे हवंय. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांना जड पाणी मानवतं, आणि मऊ पाणी असेल तर रंगारी खडूची पूड घालतात हे मी वाचलेलं होतं, आत्ता कळलं. आणि मी पेट्रोल जाळून खडकवासला धायरीला आणत होते.

(मंजिष्ठेच्या भावंडाच्या मुळातला अलिझरिन १८६८ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाला, आणि मुळांची शेती पुढे थोड्या वर्षांत बसली. आईच्या लहानपणचं चीट नक्की त्या कारखान्याच्या रंगाचं असणार. तिला सांगणार नाही.)

चौथी चिंधी धायटी घालून केली, बोअरच्याच पाण्यात. धायटीची फुलं टाकली की जमीन फारशी लाल होत नाही, रंग ठिपक्यापुरता राहतो. फरक स्पष्ट आहे.

९ मार्च, शनिवार

उद्या रंगवायचं, तर आज सोसायटीत टँकर आला. टाकीत बोअर आणि टँकर मिसळणार. आता टँकर कुठल्या विहिरीचा, टाकी किती गंजकी, काही माहीत नसतं. साधी परीक्षा केली, हिरड्याची एक-एक चिंधी दोन्ही पाण्यांत टाकली. बोअरची तासाभराने पिवळीच. टँकरची राखाडी पडली. त्या पाण्यात पलंगपोस घातला असता तर आजीबाईंच्या पंच्याहत्तरीला करड्या रंगाचं भूत मिळालं असतं.

वॉचमन दादांना सांगून सकाळी सहाला पंपाच्या तोंडाशीच कॅन भरायचे ठरलंय. "ताई तुम्ही कालपर्यंत बाहेरून पाणी आणत होता ना?" हो दादा.

१० मार्च, रविवार

केटररकडून मोठं पातेलं आणलं होतं. ३० लिटर बोअर, ३०० ग्रॅम मंजिष्ठा, ६० ग्रॅम धायटी, सकाळी आठपासून. पाट काठीने सारखे फिरवायचे, थांबलं की चट्टा. पहिला पाऊण तास काहीच होत नाही, पाणी लाल आणि कापड तसंच, आणि मग कोरी दिसणारी जागा, जिथे तुम्हाला माहीत आहे की तुरटी आहे पण डोळ्याला दिसत नाही, तिथे एक-एक ठिपका उगवायला लागतो. चाळीस-पन्नास एकदम. मुलगा गेम सोडून आला, तेवढं पुरे.

१६ ते २४ मार्च

रोज सकाळी पाट गच्चीवर पसरून पाणी शिंपडायचं, वाळलं की परत. पुण्याचं मार्चचं ऊन आणि पाणी मिळून जमिनीचा लालसरपणा खातात, नक्षीला हात लावत नाहीत. आठ दिवसांत जमीन साईच्या रंगावर आली. होळीच्या दिवशी आवरलं, कारण धुळवडीला गच्चीवर कुणाचा भरवसा नाही.

३१ मार्च, रविवार

पाट जोडले, अगदी पातळ तांदळाची खळ दिली आणि कुंदी. म्हणजे लाकडी पाटावर घडी ठेवून लाकडी मोगरीने सारखं ठोकत जायचं, सूत चपटं होतं आणि कापडाला इस्त्रीपेक्षा वेगळी, ओलसर चकाकी येते. पूर्वी याचे वेगळे कारागीर असत. आपण "त्याची कुंदी काढली" म्हणतो ना, ती ही. चाळीस मिनिटांत माझीच निघाली.

९ एप्रिल, पाडवा

आईने घडी उलगडली, वास घेतला, मग चष्मा लावून एका टोकापासून बघत गेली. मधल्या ओळीपाशी थांबली. "इथे दाट झालीय का गं?" झालीय.

मग रुमालाचं टोक ओलं करून लाल ठिपक्यावर घासलं, जसं ती दुकानात लुगडं घेताना करायची. रुमालावर अगदी पुसटसा पिवळा आला, हिरड्याचा, लाल नाही, काळा नाही. तरी म्हणाली, पहिल्या धुण्याला एकदा मिठाच्या पाण्यातून काढ. मी सांगितलं की आई, यात मिठाचा काही संबंध नाही, रंग धातूने बांधलेला आहे, आणि बांधताना कॅल्शियम.. तिने मिठाची बरणी पुढे केली.

काढला मिठाच्या पाण्यातून. पाणी तिच्याच नळाचं घेतलं, साबणाशिवाय.